पाच वाजून सात

लिव्याच्या दक्षिणेला डांबर संपतं.
तिथे टायरमधली अर्धी हवा सोडायची
आणि मग पिकअप वाळूत घालायची.
मुसब्बह चटई अंथरतो. ऑगस्टची चोवीस तारीख, पहाट,
वाळू अजून ऊबदार,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या उशीसारखी.

तो सुहैल शोधायला आलाय, मी अगस्त्य.
तारा एकच.
त्याच्या बापाने तो उंटावरून पाहिला होता.
मला मास्तरांनी फळ्यावर दाखवला:
व्याधाच्या खाली उतरत जा रे,
क्षितिजाला पाय टेकले की थांबा.

या ऋषीने समुद्र पिऊन टाकला, मी त्याला सांगतो.
आमचा पंपसुद्धा तेच करतो,
फक्त मीठ परत ओततो
आणि उरलेलं गोडं पाणी तुमच्या खजुरांना धाडतो.
मुसब्बह विचारतो, "तुमच्या ऋषीला ओव्हरटाइम मिळतो का?"

कॅमेरा तिवईवर. तीस-तीस सेकंदांच्या चौकटी.
वहीत लिहिलं: वारा नाही, दमट, दक्षिणेला धूळ.
डोळ्यांत तेल घालून बघ, आई म्हणायची.
इथे तेलाला काय तोटा.

पाचला पाच कमी.
क्षितिजावर एक ठळक, पिवळसर ठिपका.
मुसब्बह गुडघ्यावर हात देत उठला,
"सुहैल," म्हणाला,
आणि सुहैल चालू लागला.

त्याच्यामागे दुसरा. तिसरा.
वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका असायच्या ना,
तसे, ठरल्या अंतराने, मुकाट.
नवरदेव कुठेच नाही.
मी मोजत होतो. एकोणिसाला सोडून दिलं.

मोडक्या अरबीत समजावलं:
आपल्याकडे रात्र आहे, त्यांच्याकडे कधीच उजाडलंय,
पत्र्यावर ऊन पडतं, ते आपल्याला दिसतं.
"म्हणजे आरसे."
"आरसेच."
"कुणाचं तोंड बघायला?"

उत्तर होतं माझ्याकडे.
चार नंबरच्या पंपावर टॉवर नाही, काही नाही,
तिथे गेल्या महिन्यात याच वाटेने सुलू आली होती,
आचऱ्याच्या ओटीवरून, नव्या चष्म्यात,
आणि "वाळलास" म्हणून मध्येच गोठली, तोंड उघडं.
मी मुसब्बहला काही बोललो नाही.

चौकटी पाहिल्या. प्रत्येकीवर ओरखडा,
पाटीवर खिळा ओढावा तसा.
रेघ पुसता येते.
पण तिच्याखाली जे बारीक तारे होते तेही जातात,
आणि तिथे बसतं शेजारच्या काळोखाचं ठिगळ.
कुणाला कळत नाही. मला कळतं.

पाच वाजून सात.
धुळीत काहीतरी लालसर, थरथरतं,
विझत आलेल्या विडीएवढं.
या वेळी मुसब्बह उठला नाही.
त्याने काठी वाळूत रोवली, गाल चटईला टेकवला,
ऑपरेशन झालेला डोळा मिटून
दुसऱ्याने काठीचं टोक धरलं.
"बाप असताना," तो म्हणाला, "तो येण्याची वाट बघायचो."
पुढचं वाक्य त्याने गिळलं.
आम्ही दोघं श्वास धरून
तो जातो की काय ते बघत राहिलो.

गेला नाही.
काठीपासून केसभर उजवीकडे सरकला;
एवढं तर ताऱ्यानेही सरकावं.

पुस्तकात त्याची प्रत वजा शून्य पूर्णांक सात.
धुळीतून जेमतेम दोन. मघाचा तोतया याहून झगझगीत होता.
वहीत लिहिलं: अगस्त्य, दिसला.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं.
खोडलेलं दिसतंच.

सुहैल उगवला की पाणी गार होतं म्हणतात.
मुसब्बहने कॅनमध्ये बोटं बुडवली,
बराच वेळ ठेवली.
"उद्यापासून," म्हणाला,
आणि त्याच कोमट पाण्याने तोंड धुतलं.