सुधारणा काय कराल?

तिसरीला या सत्रात सपाता शिवायच्या.
बेथेस्डाची शाळा, बाहेर पाटीच्या दगडाचे ढीग,
त्यावर धुकं. आत फेल्ट, बोथट सुया
आणि माझा ठरलेला प्रश्न:
कुणासाठी? त्याला काय हवंय?

हेलेदने एकच सपात शिवली.
मी म्हटलं, जोडी असते गं.
ती म्हणाली, आजोबांचा दुसरा पाय खरा आहे,
त्याचा आवाज होत नाही.

खोटा पाय रात्री जिन्यावर टकटकतो.
चीज खायला खाली उतरतात, आजी जागी होते.
म्हणून तळाला तीन थर,
टाके उंदराने कुरतडल्यासारखे.

सोमवारी मूल्यमापनाचा कागद आला.
वस्तू चालली का? हो, अजिबात आवाज नाही.
वापरणारा खूश आहे का? आजोबा आहेत.
आजी नाही. ती आता रात्रभर जागीच.
टकटक परत वर आली की तिला कळायचं,
पडले नाहीत, आणि ती कूस बदलायची.

शेवटच्या चौकटीत पेन्सिल दाबून
एकच शब्द: घंटी.

कपाट उपसलं. नाताळच्या नाटकातल्या हरणाची
एक निघाली, गंजकी.
एवढा आवाज पुरे? मी वाजवून विचारलं.

आजीला विचारून सांगते, म्हणाली.