घंटा

फणसवाडीवरून उतरणारी ही वाट
चालणाऱ्यांनी घडवली, चाकांसाठी नाही.
तिसऱ्या वळणानंतर तिला पायऱ्या फुटतात,
कुणी रागारागात
दगड फेकत खाली गेल्यासारख्या.
त्या जागेला आम्ही दातपाडी म्हणतो.
माझा अर्धा दात तिथेच कुठेतरी आहे.

रविवारी उजाडता उजाडता खारघरकडून चढणारे येतात:
नव्या बुटांचे, जुन्या गुडघ्यांचे,
बँकेतून निवृत्त झालेले पाच जण आणि त्यांच्यात मिळून एक काठी.
चढणाऱ्याचा हक्क पहिला, हा आमचा नियम.
पण उतारावर नियम दोन बोटांत मावतो,
ब्रेकवर ठेवलेल्या.
गेल्या वर्षी मी एका बाईंच्या पोह्यांच्या डब्यात शिरले.
त्या काही बोलल्या नाहीत,
गवतातून शेंगदाणे वेचत राहिल्या.

म्हणून ही घंटा.
म्हशाच्या जत्रेतली, पितळेची,
बैलाच्या गळ्यासाठी ओतलेली.
मी ती वादीने हँडलला बांधली.
आता माझ्याआधी माझा आवाज उतरतो
आणि कारवीत माणसं अंग चोरून उभी राहतात.
कुणी हात करतं. कुणी फोन काढतं.
मला वाटायचं, प्रश्न मिटला.

सीट खाली. कंबर मागे. टाचा दाबून.
पुढचा ब्रेक साय काढावी तसा,
मागचा जरा ढोबळ चालतो.
आणि नजर. शलाकाने शिकवताना एवढंच घोकून घेतलं:
दगडाकडे बघशील तर दगडावर जाशील.
दरीकडे तर बघूच नकोस,
तिला लगेच आमंत्रण वाटतं.
म्हणून मी दोन दगडांमधल्या
वीतभर मुरमाकडे बघते,
जगात दुसरं काही नसल्यासारखी.
नवा विमानतळ, खाडी, तळोज्याचा धूर,
सगळं डोळ्यांच्या कडेला नुसतं थरथरतं.

त्या दिवशी पुढचं चाक हवेत असतानाच
खालून हाक आली,
"ये गं, ये, ये, हुर्र..."
मी उतरले. म्हणजे पोचले,
एक पाय निवडुंगात.
समोर गोमा शीद, हातात आकडी,
काखेला भाकरीचं फडकं,
चेहऱ्यावर एवढा आनंद,
आणि तो मला बघून विझत गेला.
"मला वाटलं, माझी शेळी."

परवापासून सापडत नव्हती. पांढरी,
उजवा कान फाटका, गळ्यात घंटा.
मी माफी मागितली,
कशाबद्दल ते नीट कळलं नाही.
त्याने बोटाने माझी घंटा हलवली,
कान जवळ नेऊन ऐकली, पुन्हा हलवली.
"हिला कशाला बांधली? ही पण हरवते?"
नाही, म्हटलं. लोकांना कळावं,
बाजूला व्हावं म्हणून.

तो हसला नाही. जरा वेळ सायकलकडे बघत राहिला.
"आमची वाजते ती आम्ही तिच्याकडं जावं म्हणून."
मग आकडीने वाट दाखवली:
"डावीकडून घाल. तो मोठा दगड सुटलाय पावसात."
त्याच दगडावर मी तीन वर्षं चाक ठेवत आले होते,
सगळ्यांना सांगत होते, पक्का आहे.

तेव्हापासून माझं उतरणं बिघडलंय.
अर्धी नजर करवंदीच्या जाळ्यांत,
पांढरं काही हललं की हँडल तिकडे.
कोपर दोनदा सोलटलं.
शलाका म्हणते, तू शेळीकडे बघतेस, म्हणून पडतेस.
मी म्हणते, शेळी दिसली तर ना.

मधल्या सपाटीवर आता थांबते.
घंटा मुठीत घट्ट धरते, नुसती,
आणि कान डोंगराला लावते.
बँकवाले धापा टाकत वर येतात.
काठी ज्याच्या वाट्याला आलेली असते
तो विचारतो, "काय, पंक्चर?"
मी ओठांवर बोट ठेवते.
पाचही जण थांबतात,
घाम पुसायचे थांबतात.