सुलट बाजू

डॉक्टर आरोलकरांची डुक्कर फियाट
मी त्यांच्या मुलाकडून भंगाराच्या भावात घेतली,
कुडाळ डेपोतून रिटायर झालो त्याच महिन्यात.
इंजिनाचं भय नव्हतं.
एसटीत चौतीस वर्षं काढली,
इंजिन खोकलं की मला त्याचं वय कळतं.

अडलो तो सीटवर.

खाऱ्या हवेनं स्प्रिंगा खाल्लेल्या,
काथ्याचा भुगा, त्यात उंदराचं जुनं बाळंतपण,
वर कुणीतरी कधीतरी ठोकलेलं निळं रेक्झिन.
ते उचकटलं. खालचं कापड हात लावताच पीठ.
फक्त चौकटीच्या पोटाशी,
गंजल्या चुकांच्या रांगेत
दुमडून राहिलेली बोटभर कड:
शेवाळी हिरवी, तिच्यात तांबडी रेघ, सुताएवढी.
उन्हानं कधी न पाहिलेली.

ती कड एलआयसीच्या डायरीत ठेवली
आणि आठ महिने फिरलो.

सावंतवाडीत म्हणाले, वेल्वेट घ्या.
बेळगावात म्हणाले, काका, आता यावर कोण बसतं?
कोल्हापुरात एकानं कड नाकाशी धरली,
डोळे मिटले, परत दिली,
आणि चहा पाजला.
इचलकरंजीचा मागवाला म्हणाला, विणून देतो की,
हुबेहूब देतो, पण कमीत कमी दोनशे मीटर.
दोनशे मीटर!
वेंगुर्ल्याच्या बंदरापासून मासळीबाजारापर्यंत
अंथरून वर उरलं असतं.

फोटो होता एक, गाडीला टेकलेले डॉक्टर,
दार उघडं, सीट दिसतेय.
पण काळापांढरा. त्यात सगळंच राख.

भिवा गिरप त्या सीटवरून जगलेला माणूस.
फुरसं चावलं तेव्हा विशीतला,
डॉक्टरांनी रात्री स्वतः गाडी हाकत आणलेला.
त्याला विचारलं.
"तांबडी हुती सीट," म्हणाला. "तांबडी लाल."
मी मनात म्हटलं, फुरसं चावलेल्याला
दुसरं काय दिसणार.
डायरी उघडलीसुद्धा नाही.

मग शिरोड्याच्या वाटेवर
रेजिनाबाय डिसोजांच्या ओसरीत,
शिवणाच्या मशीनवर, झाकण.
शेवाळी हिरवं. तांबडी रेघ.
मी चपला काढायचं विसरलो.

तिचा पास्कू गाद्या भरायचा.
त्यानंच मढवलेली ती गाडी,
उरलेल्या तुकड्याचं हे.
पैसे नको म्हणाली.
मशीन उघडी पडेल, तिला नवं झाकण आण म्हणाली,
फुलाफुलांचं.
आणलं.

दोन हात कापड. मागच्या सीटची पाठ तेवढी होईल,
जिथं भिवाचं डोकं टेकलं असेल.
पाणी न लावता ब्रशनं झाडलं,
नवा काथ्या भरला, कडेनं पायपिंग,
टाका मोजून टाका घातला,
आणि रेजिनाबायला रिक्षा धाडली.

ती आत बसली.
पाठीवर अंगठा फिरवला, एकदा असा, एकदा तसा.
"अरे, उलटा लायलंस मां ह्या!
सुलट बाजू मीया आतसून ठेवलेली,
उन्हान विटाक नये म्हणान."

कोपरा उचकटला.
आत तांबडं.
तांबड्या अंगावर हिरवी रेघ, सुताएवढी.

दुमडलेली कड उलटीच दिसणार,
हे शिंप्याच्या पोरालाही कळलं असतं.
आठ महिने मी चार गावांत
कापडाची पाठ दाखवत हिंडलो होतो,
आणि ज्यानं तोंड पाहिलेलं
त्याला ताप चढलाय असं धरून चाललो.

रेजिनाबाय हसली नाही. तिनं ब्लेड मागितलं.
एका टोकाकडून ती, एका टोकाकडून मी,
उसवत बसलो.
मधेच म्हणाली, पास्कू टाका लांब घालायचा,
तू फार जवळ घालतंस,
उसवूक वेळ लागता.

संध्याकाळी भिवाकडे निरोप धाडला,
ये म्हणून.
कशासाठी ते कळवलं नाही.