वळसा

सिमांवबाब म्हणाला, वीज पडली.
परवा रात्री. नेल्टन घरी होता, त्यानं पाहिली.
आणि बांगडे गुंडाळावेत तसा वर्तमानपत्रात गुंडाळलेला
मदरबोर्ड माझ्या टेबलावर ठेवला.
मागे नेल्टन, दारातच,
चपलेचा अंगठा पायानं चाळवत.

जुलै संपत आलेला.
आमच्याकडे जुलैचा पाऊस मुका असतो,
गडगडाट जूनमध्येच आटपतो.
मी काही बोललो नाही.

वास्कोत एकवीस वर्षं हेच करतोय.
इथला कुठलाही बोर्ड उघडा, आधी कोळसा निघतो,
बंदरावरून उडून आलेला, काजळीसारखा मऊ.
त्याखाली मीठ, चिपांच्या पायांशी हिरवट बुरा.
ब्रशनं झाडलं, स्पिरिटनं पुसलं,
तेव्हा कुठे बोर्डाचा मूळ रंग दिसला.

वीज आली की खुणा सोडून जाते.
फुगलेला कपॅसिटर, तडकलेली चिप, आणि तो वास,
जेवताना हाताला येणारा.
इथे तसलं काही नव्हतं.
पंख्याची कडी अडकवतात तिथून
मेमरीच्या खाचेपर्यंत एक ओरखडा,
सरळ, घाईतला, शेवटाला खोल.
तांबं अजून चकाकत होतं.
स्क्रूड्रायव्हर निसटला की असा जातो.
माझ्या हातून पहिल्यांदा गेला
तेव्हा मालकाला मी उंदीर सांगितला होता.

भिंगाखाली मोजल्या, सात वाटा तुटलेल्या.
मीटरची एक सुई ओरखड्याच्या अलीकडे, एक पलीकडे.
जोड असेल तर तो पीं करतो.
सात वेळा गप्प.
सिमांवबाबला वाटलं, मीटरच बिघडलाय.
‘बर्फाची सगळी बिलं त्यात आहेत,’ तो म्हणाला,
‘एक तारखेला ट्रॉलर सुटणार, मी काय वहीत लिहू?’
बिलं डिस्कमध्ये, आणि डिस्क शाबूत आहे.
‘म्हणजे विजेनं एवढंच नेलं?’
एवढंच, मी म्हटलं.
नेल्टन समोरच्या गॅरेजकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला.
बोलला नाही. स्टूल ओढून बसला.
मी ब्लेडनं हिरवा लेप खरवडत होतो,
श्वास रोखून, नखाएवढ्या जागेत.
मग कथलाचा ठिपका, मग जुन्या रिलेतून उसवलेली
केसाएवढी तार. एक. दोन.
तिसरीला माझा हात थरथरला,
त्यानं न सांगता दिवा जवळ धरला.

‘ह्या वाटा अशा नागमोडी का?
सरळ जायला जागा आहे की.’
जी जवळची तिला मुद्दाम वळसा दिलाय, मी म्हटलं.
सगळ्यांनी एकाच वेळी पोचायचं असतं.
उशीर झाला तर चूक,
लवकर पोचलं तरी चूकच.

हे सांगणाऱ्या मीच सहावी तार सरळ ताणली,
चहा निवत होता म्हणून.
पंखा फिरला, पडदा उजळला,
आणि मेमरीची तपासणी लावली तर
लाल ओळी, एकामागून एक,
मुंग्या निघाव्यात तशा.
उपसली. मोहरीएवढा वेढा घालून
पुन्हा बसवली. वर नेलपॉलिश, बायकोची, गुलाबी.
रात्रभर तपासणी चालू ठेवली. एकही लाल ओळ नाही.

सकाळी तो न्यायला आला.
पावतीवर ‘बिघाडाचं कारण’ असा एक रकाना असतो.
पेन त्याच्यावर अडलं.
‘वीज नव्हती,’ नेल्टन पावतीकडे बघत म्हणाला.
मला काय सांगतोस?
रकाना कोराच ठेवून घडी घातली.

बर्फाचा कारखाना माझ्या दुकानातून डावीकडे,
चालत चार मिनिटं.
पिशवी छातीशी धरून तो उजवीकडे वळला,
मासळी बाजारावरून, जेट्टीला लागून,
लांबच्या वाटेनं.
स्क्रूंची पुडी टेबलावरच राहिली होती.
हाक मारली नाही मी.