समासात

वाचनालयाच्या प्रतीवर चहाच्या कपाचा गोल आहे.
कव्हर जुन्या कॅलेंडरचं,
पुस्तक उघडलं की आतल्या बाजूला एक अमावास्या लागते.
शनिवारी पाच वाजता मला या कादंबरीवर बोलायचंय,
वेंगुर्ल्यात, वरच्या हॉलमध्ये,
‘मिथक आणि प्रतीक’, चाळीस मिनिटं, मग चर्चा.

नायक भूमापक. नाव भार्गव.
(म्हणजे लेखकानं फारसं लपवलेलं नाही.)
बंधाऱ्यासाठी किनारा मोजायला येतो,
तिपाईवर यंत्र ठेवतो, एक डोळा मिटतो
आणि पाण्यावर लाल किरण सोडतो.
मी वहीत लिहिलं: किरण = बाण.
पान एकशे बेचाळीसवर समुद्र मागे सरतो
आणि मी लिहिलं:
ही भूमी दान नव्हे, माघार आहे.
वाक्य मला इतकं आवडलं
की उठून पंखा एकनं वाढवला.

वाऱ्यानं पान हललं तेव्हा दिसलं,
समासात, पेन्सिलीनं,
चौथीतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात:
मगे तो बाण काढलो कोणी?

मग मी मागे मागे गेलो.
पान सदतीस, नायिकेच्या नशिबासारखं फाटलेलं जाळं:
जाळा असा फाटना नाय.
पान अठ्ठ्याऐंशी, तिचे केस म्हणजे वासुकी,
सगळ्या गावानं घुसळलेला:
शी.
पान एकशे नऊ, ती कासवाचं पिल्लू
ओल्या वाळूवर ठेवते, पाण्यात नाही, अलीकडे,
त्याचं त्याला चालू देते.
मी तिथे कूर्मावतार लिहून दोन रेघा मारल्या होत्या.
समासात नुसतं: हां. ह्या बरोबर.

आरोलकरांनी कार्ड काढून दाखवलं.
द्वारका कुबल, मांडवी. तीनदा मुदत वाढवलेली.
द्वारका!
रस्ताभर माझ्या डोक्यात सोन्याची नगरी बुडत राहिली.

ती वळचणीला बसून जाळं शिवत होती,
एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणलेलं.
नावाचं विचारलं.
“बापाशीन ठेवल्यान. तेव्हा तो थयसर बोटीर होतो, ओख्याक.”
कादंबरीचं विचारलं.
“मोठी असा.”
मी बाणाचं काढलं. सुई थांबली नाही.
“बारा वावांर एक जागा असा,
दीपगृह नि देवळाचो कळस एका सुतात इले काय थंय.
जाळा अडाकता. दर वर्सा.
मारल्यान तां लिवलेला असा.
काढूचा कोणी, तां नाय.”
मी विचारलं, म्हणजे तुम्हाला वाटतं की तोच...
तिनं वर पाहिलं,
बिल चुकीचं केलेल्या वाण्याकडे पाहावं तसं.
“माका खय काय वाटता. मी शिवतंय.”
आणि दातानं दोरा तोडला.

शनिवारी अकरा माणसं आली, त्यात दोन चुकून.
मी किरण म्हणालो, बाण म्हणालो,
माघार म्हणालो तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक कोरगावकर
मान हलवत राहिले.
खिडकीतून बंदराचा आवाज येत होता,
होड्या लागायची वेळ, लिलावाची ओरड.
चर्चेत कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

घरी येऊन वहीतलं ‘=’ खोडलं.
ते नीट गेलं नाही,
दोन रेघांच्या जागी कागद विरला,
जाळ्याच्या एका डोळ्याएवढा.
त्यातून मागच्या पानावरचा
हिशेब दिसतो: गॅस, वीज, बांगडे.

पुस्तक परत करताना आरोलकर पान पान तपासत होते.
एकशे बेचाळीसवर थांबले,
ड्रॉवरमधून खोडरबर काढला.
म्हटलं, राहू दे. अजून आठ दिवस
माझ्या नावावर टाका.