तोंडी परीक्षा

ल्यूव्हेनला आले, तेव्हा पहिला धडा
वर्गात नाही, स्वयंपाकघरात झाला.
घरमालकीणबाई, नाव लिहायचं गोडेलीव्ह,
म्हणताना मात्र ग घशात विरघळून ह होतो,
त्यांनी पिशव्या ओळीनं मांडल्या.
निळीत प्लॅस्टिक आणि पत्र्याचे डबे.
तपकिरीत उरलंसुरलं.
कागद दोरीनं बांधून वेगळा.
दह्याचा डबा धुऊनच टाकायचा, झाकण काढून.
"आणि चहाची पिशवी?" मी विचारलं.
दोरा, कागद, पत्ती, पिन.
त्या थांबल्या. "आधी मोडायची," म्हणाल्या,
"मग ठरवायचं."
पुढं तेरा आठवडे मी वर्गीकरणावर व्याख्यानं ऐकली.
याहून नेमकं कुणी बोललं नाही.

वर्गात नायजेरियाचा ओबिओरा, पाद्री व्हायला निघालेला.
देवावर शंका घेणारी पानं
तोच सगळ्यांत मन लावून वाचतो.
थुई रात्री नाक्यावरच्या गाडीवर बटाटे तळते.
तिच्या टिपणांत, स्वातंत्र्याच्या प्रकरणावर,
तेलाचा एक मोठा गोल आहे,
त्यातून मागचं पान वाचता येतं.

मी गडहिंग्लजची. बाबांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान.
फी भरताना ते एवढंच म्हणाले होते,
"तिथं काय मोजतात, ते कळव."
अजून कळवलेलं नाही.
दर रविवारी फोनवर हवा सांगते.
ढग. पाऊस. ढग.

दारामागच्या खुंटीवर एक कोट आहे,
उंटाच्या रंगाचा, कोपरांना कातडं लावलेला.
फोन्सचा.
फोन्स कॉफीत साखर घेत नाही.
फोन्सला कबुतरांतलं कळतं.
दोन महिने मी धरून चालले होते
की फोन्स कुठंतरी गावाला गेलाय.
मग एका सोमवारी, पिशव्या बाहेर ठेवायच्या रात्री,
बाई कोट हातावर घेऊन माझ्या दारात उभ्या.
"तू तत्त्वज्ञान शिकतेस ना?
सांग, हा कुठल्या पिशवीत?"

मला काही सुचलं नाही.
खाली जाऊन पिशव्या पाहून आले, खरंच पाहून आले,
जणू एखादी चौथी मिळेल.
मग कोट पुन्हा खुंटीला लावला.
जड होता. लावताना त्याची बाही
माझ्या खांद्यावर पडली.

जानेवारीत परीक्षा. चिठ्ठी उचलायची,
पंधरा मिनिटं विचार, मग समोर बसून बोलायचं.
चिठ्ठीत आलं : असणे म्हणजे काय.
पाठ केलेलं सगळं सात मिनिटांत संपलं.
प्राध्यापक फर्हेयन यांना सर्दी झाली होती.
त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या भाषेत?"

आमच्याकडे दोन आहेत, मी म्हटलं.
एक 'आहे'. कोट खुंटीवर आहे. आत्ता, या घटकेला.
दुसरं 'असतो'. फोन्स संध्याकाळी माळ्यावर असतो,
कबुतरांपाशी.
याला आत्ताची गरज लागत नाही.
एखाद्या दिवशी नसला, तरी तो असतो.
"आणि माणूस मेला तर?"
व्याकरणाप्रमाणे 'होता'.
पण मी राहते त्या घरात
तो शब्द अजून आलेला नाही.

सरांनी खोकल्याची गोळी
एका गालातून दुसऱ्या गालात नेली.
खिडकीबाहेर सायकलींच्या सीटवर बर्फ साचत होतं.
मी उत्तर दिलं होतं की पळवाट काढली होती,
हे मला आजही ठरवता येत नाही.

बारा मिळाले.
"किती पैकी?"
"वीस."
बाबा गप्प. मागं कुणीतरी पारडं ठेवल्याचा आवाज.
"त्यांचा काटा तपासलेला आहे ना?"
मी हसले. त्यांनी हसू संपू दिलं.
एरवी विचारतात, कशी आहेस.
आज म्हणाले, "तू तिथं कशी असतेस गं?"

मी हवा सांगितली.