आतंक

खोली नंबर चौदा, वाचनालयाच्या मागं,
झेरॉक्सवाल्याला लागून.
पाटी आधी कन्नडात, मग इंग्रजीत,
खाली कुणीतरी बॉलपेननं बारीक मराठीत:
‘हितं कोन रागवत न्हाई.’

मी तीनदा दारापर्यंत गेले,
तिन्ही वेळा झेरॉक्स काढून परतले.
माझ्याच आधारकार्डाच्या
नऊ प्रती आहेत आता माझ्याकडं.

चौथ्यांदा शिफा मकानदारनं मनगट धरलं.
निपाणीची पोरगी, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली,
शिंक दाबायला शिकलेली.
म्हणाली, ‘रात्री तीनला भिंतीवर बोटानं
गणितं करतीस तू. मी जागी असते गे.
परीक्षा मला पण हाय.’

बाकावर पत्रक होतं. कन्नड.
मला अक्षरं येतात ती बसच्या पाट्यांवरची:
हलशी, नंदगड, बीडी.
घरी पोचण्यापुरती.
तेवढ्या भांडवलावर लावत बसले
ओ-त्त-ड
खि-न्न-ते
आ-तं-क

आतंक?
हा तर बातम्यांतला शब्द, बंदुका घेऊन येणारा.
मी काय केलं होतं एवढं?
संख्याशास्त्राचा एक पेपर कोरा ठेवून
वर्गाबाहेर आले होते, चप्पल विसरून.

शिफा हसली, मग हसायची थांबली.
‘काळजी गे. ह्यांच्यात आतंक म्हंजे काळजी.
छातीत धडधडतंय बघ, तेच ते.’

आणि मराठीत मी त्याला इतके महिने काय म्हणत होते?
आई फोनवर: काय झालाय गे तुला?
मी: काय नाही.
हे ‘काय नाही’ पहाटे चारला
माझ्या छातीवर उकिडवं बसायचं,
उजाडेस्तोवर उठायचं नाही.

आत सरोजा कित्तूर मॅडम.
या गावात पाट्यांवरून एसट्या फुटल्यात,
आणि ही बाई माझ्यासाठी
एकेक मराठी शब्द चाचपडत पुढं येत होती,
अंधारात जिना उतरावा तशी.
‘तुमचा झोप कसा आहे?’
मी म्हणाले, ‘झोप गेला, मॅडम.’
‘आणि भूक?’
‘तो पण गेला.’
मग दोघी हसलो. हसता हसता माझं
कुठं रडण्यात वळलं, कळलं नाही.
तिनं टिश्यूचा डबा सरकवला
आणि पंख्याचा आवाज होऊ दिला पुष्कळ वेळ.

बाबा उद्यमबागच्या फाउंड्रीत साचे भरतात.
लहानपणी एकदा दाखवलं होतं:
वाळू दाबून बसवली की
तारेनं बारीक भोकं पाडायची, वायू निघायला.
नाहीतर वरून सगळं गुळगुळीत,
आणि ओतल्यावर तोंडावर उडतं.
घरी मात्र त्यांनी स्वतः
एवढंसंही भोक ठेवलं नाही कधी.
हे मी मॅडमना सांगितलं नाही. पुढच्या वेळी.

चिठ्ठीवर: गुरुवार, चार वाजता.
विभागप्रमुखांना पत्र, पेपर पुन्हा देता यावा म्हणून.
रात्रीसाठी एक नंबर. तो मी मोबाईलमध्ये
‘टेलर’ नावानं ठेवला.
चुलतभाऊ फोन चाळतो माझा.
श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
मी मोजते. सहापर्यंत जात नाही अजून,
पाचला अडकते.

मेसमध्ये गंगव्वा रोज दारातच विचारते,
‘ऊटा आतेन?’
दोन वर्षं मी ‘आत्रि’ म्हणत आले,
झालं म्हणत, ताटाला हात न लावता.
आज म्हटलं, ‘इल्ल.’
ती चिडलीच.
मग उभी काय राहिलीस, असं काहीसं कन्नडात,
आणि जोंधळ्याची भाकरी
आपटली ताटात.

अर्धी खाल्ली.
अर्धी शिफानं.